कंपास आणि बिनआकड्यांची पट्टी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भूमिती शिकवताना काही प्रश्न दर वर्षी नव्याने समोर येतात. मुलं विचारतात, पालक विचारतात, आणि अधूनमधून एखादे निवृत्त गृहस्थ वही घेऊन दारात उभे राहतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दहावीचं ‘भौमितिक रचना’ हे प्रकरण अंधुक आठवत असलं तरी पुरे.

कंपास-पट्टीची रचना म्हणजे नेमकं काय?

आधी एक घोळ मिटवू. आपण अख्ख्या डबीलाच ‘कंपास’ म्हणतो. इथे कंपास म्हणजे फक्त वर्तुळ काढायचं, पेन्सिल अडकवायचं ते साधन. कोनमापक, दोन्ही गुण्ये आणि दोन टोकांचा कर्कटक डबीतच राहू द्या.

परवानगी दोनच गोष्टींची. दोन बिंदू असतील तर पट्टीने त्यांतून रेषा काढायची, हवी तेवढी वाढवायची. एक बिंदू केंद्र धरून दुसऱ्या बिंदूतून जाणारं वर्तुळ काढायचं. रेषा-रेषा, रेषा-वर्तुळ, वर्तुळ-वर्तुळ जिथे छेदतील तिथे नवे बिंदू मिळतात, आणि पुढचं काम त्यांच्यावर. अंदाजाने टेकवलेली पट्टी, डोळ्यांनी जुळवलेलं अंतर, यातलं काही चालत नाही.

हे नियम युक्लिडचे. इ.स.पू. ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात त्याने तोवरची ग्रीक भूमिती १३ खंडांत बांधली. गंमत अशी की त्याच्या गृहीतकांत ‘पट्टी’ आणि ‘कंपास’ हे शब्दच नाहीत. रेषा काढता येते, वर्तुळ काढता येतं, एवढंच तो म्हणतो. साधनांची नावं नंतरच्यांनी चिकटवली.

पट्टीवर आकडे असले तर बिघडतं कुठे?

बिघडतं ते असं की पट्टीची ताकद एकदम वाढते. आकडेसुद्धा नकोत, नुसत्या दोन खुणा पुरतात. आर्किमिडीजच्या नावावर असलेली ही रचना करून बघा.

ओ केंद्र धरून एक वर्तुळ काढा. त्यावर अ आणि ब असे दोन बिंदू घ्या. कोन अओब चे तीन समान भाग करायचे आहेत. रेषा बओ ही ओ च्या पलीकडे लांब वाढवा. आता पट्टीवर वर्तुळाच्या त्रिज्येएवढ्या अंतरावर दोन खुणा करा. पट्टी अ वर टेकवून अशी सरकवा, की एक खूण वर्तुळावर क पाशी येईल आणि दुसरी वाढवलेल्या रेषेवर ड पाशी. ड पाशी जो कोन होतो, तो मूळ कोनाचा बरोबर एक तृतीयांश.

सिद्धता नववीच्या आवाक्यातली आहे. कड आणि कओ दोन्ही त्रिज्येएवढे, म्हणून ड पाशी जेवढा कोन तेवढाच कोन कओड. त्या कोनाला ‘एक वाटा’ म्हणू. त्रिकोण कडओ चा क पाशी असलेला बाह्यकोन दोन वाटे. ओक आणि ओअ याही त्रिज्याच, म्हणून अ पाशीही दोन वाटे. आता त्रिकोण अओड कडे बघा. कोन अओब हा त्याचा बाह्यकोन, म्हणजे अ चे दोन वाटे अधिक ड चा एक. झाले तीन.

यात अडचणीची पायरी एकच, ‘सरकवा’. सरकवत सरकवत जुळवणं युक्लिडच्या नियमांत बसत नाही. ग्रीकांना ही युक्ती माहीत होती आणि ते ती वापरतही, फक्त तिला वेगळ्या पंगतीत बसवत.

युक्लिडचा कंपास उचलला की मिटायचा, हे खरं का?

नियमांप्रमाणे हो. एका ठिकाणचं अंतर कंपासमध्ये धरून दुसरीकडे नेण्याची मुभा त्याने दिलेली नाही. शाळेत आपण हे बिनदिक्कत करतो, आणि ते चूकही नाही, कारण पहिल्या खंडाच्या दुसऱ्याच विधानात त्याने दाखवून दिलं आहे की मिटणाऱ्या कंपासनेही अंतर हलवता येतं.

बक एवढं अंतर अ पाशी न्यायचं आहे. अब वर समभुज त्रिकोण अबड काढा. ब केंद्र, बक त्रिज्या घेऊन वर्तुळ काढा. डब ही बाजू ब च्या पुढे वाढवली की ती वर्तुळाला ग मध्ये छेदते. ड केंद्र आणि डग त्रिज्या घेऊन मोठं वर्तुळ काढा. डअ वाढवा, ती त्या वर्तुळाला ल मध्ये छेदेल. डल आणि डग समान, त्यांतून डअ आणि डब हे समान तुकडे वजा झाले, उरले अल आणि बग. आणि बग म्हणजेच बक.

एवढ्याशा गोष्टीसाठी एवढा खटाटोप का, असं वाटेल. मला मात्र अख्ख्या पहिल्या खंडातलं हे सर्वांत आवडतं विधान आहे. उधार काही घ्यायचं नाही, ही त्या माणसाची खोड इथे स्वच्छ दिसते.

रचनेतले कंस पुसायचे नाहीत, असं का सांगतात?

कारण कंस म्हणजेच रचना. माझे शाळेत याच पायी दोन गुण गेले होते. आकृती लख्ख दिसावी म्हणून मी सगळे कंस खोडरबराने साफ केले. उरला तो नुसता त्रिकोण. तो कोनमापकाने काढला की कंपासने, हे तपासणाऱ्याला कळणार कसं?

कोणकोणते कोन काढता येतात? १° येतो का?

पूर्ण अंशांतले म्हणाल तर ३ ने भाग जाणारे सगळे येतात, बाकीचा एकही नाही.

३° कसा येतो, ते बघा. समभुज त्रिकोणातून ६०° मिळतो, नियमित पंचकोनातून ७२°. वजाबाकी १२°. दुभागला की ६°, पुन्हा दुभागला की ३°. आता १° जर आला असता, तर तो वीस वेळा शेजारी शेजारी ठेवून २०° आला असता. २०° म्हणजे ६०° चा तिसरा हिस्सा, आणि तो येत नाही हे सिद्ध झालेलं आहे. २° चं उत्तरही तेच.

कोनाचे तीन समान भाग ‘अशक्य’ म्हणजे अजून कुणाला जमले नाहीत, असंच ना?

नाही. सगळा गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

‘अजून जमलं नाही’ आणि ‘जमणारच नाही हे सिद्ध झालं’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दोन विषम संख्यांची बेरीज विषम येत नाही. कुणी अजून पुरेशा बेरजा करून पाहिल्या नाहीत म्हणून नव्हे, तर तशी येऊच शकत नाही म्हणून. कोनाचंही तसंच आहे.

रेने देकार्तने १६३७ मध्ये भूमितीला बीजगणिताचा चष्मा लावला. एक रेषाखंड १ मानला, तर पट्टी-कंपासने कोणत्या लांब्या मिळतात? रेषांच्या छेदातून बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार. वर्तुळ आलं की त्यात वर्गमूळ. बस. वर्गमुळात वर्गमूळ कितीही कोंबा, पण घनमूळ कुठून येणार? प्रत्येक वर्गमुळाला समीकरणाची कोटी, म्हणजे त्यातला सर्वांत मोठा घात, फार तर दुप्पट होते: १, २, ४, ८, १६. तीन त्या रांगेत कधीच येत नाही.

आता २०° ची कोसाइन क्ष धरा. तिचं समीकरण आहे ८क्ष³ − ६क्ष − १ = ०. हे तिसऱ्या कोटीचं आहे आणि परिमेय संख्या वापरून त्याचे तुकडे पडत नाहीत. खेळ संपला.

ही सिद्धता १८३७ मध्ये पिएर वान्झेल या फ्रेंच तरुणाने दिली. वय २३. घन दुप्पट करण्याचा, म्हणजे दिलेल्या घनाच्या दुप्पट घनफळाचा घन काढण्याचा प्रश्नही त्याने त्याच लेखात निकालात काढला. दोन हजार वर्षं लोंबकळलेले प्रश्न मिटवूनही पुढची कित्येक दशकं त्याचं नाव फारसं कुणी घेतलं नाही. तो १८४८ मध्ये, वयाची चौतिशीही न गाठता, गेला.

एक पुस्ती जोडायला हवी. ‘कोणताही दिलेला कोन’ विभागणारी एकच रीत असू शकत नाही, असं हे म्हणणं आहे. ९०° चे तीन भाग खुशाल करा, ३०° काढता येतोच. ४५° चेही होतात. अडतं ते ६०° सारख्यांपाशी.

पण माझ्या काकांना रीत सापडली आहे, आणि कोनमापकाने तपासली तर बरोबर येते!

काकांना नमस्कार सांगा. मग त्यांना १२०° चा कोन घ्यायला सांगा.

माझ्याकडे आलेल्या बहुतेक ‘रीती’ एकाच कुळातल्या: कोनाच्या दोन भुजांवर सारख्या अंतरावर बिंदू घ्यायचे, ते जोडायचे, जोडणाऱ्या जीवेचे तीन सारखे तुकडे करायचे आणि शिरोबिंदूला जोडायचे. कोन लहान असला की हे इतकं जवळ येतं की पेन्सिलीच्या जाडीत चूक लपते. ६०° ला भाग पडतात १९.१°, २१.८°, १९.१°. शाळेतल्या कोनमापकावर कुणी म्हणेल, हात हलला. १२०° ला मात्र पडतात ३०°, ६०°, ३०°. मधला भाग कडेच्या दुप्पट! एका गृहस्थांनी हे पाहिलं, वही मिटली, चहा घेतला आणि म्हणाले, “बारीक कोनांसाठी तरी चालेल ना?” चालेल की. सुताराला चालेल. सिद्धतेला नाही.

पॅरिसची विज्ञान अकादमी तर १७७५ मध्येच कंटाळली. वर्तुळाचा चौरस, कोनाचे तीन भाग, घनाची दुप्पट आणि सतत फिरणारं यंत्र, या चार विषयांवरचे कागद तपासणार नाही, असं तिने जाहीर करून टाकलं. म्हणजे सिद्धता यायच्या साठ वर्षं आधीच.

वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस का काढता येत नाही?

त्याला π चं वर्गमूळ एवढी लांबी लागते. फर्डिनांड लिंडेमानने १८८२ मध्ये सिद्ध केलं की पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बहुपदी समीकरणाचं π हे मूळ असू शकत नाही. वर्गमुळांचे मनोरे कितीही रचा, तिथवर पोचत नाहीत.

जवळ मात्र हवं तेवढं जाता येतं, आणि इथे रामानुजनचं नाव घ्यायलाच हवं. १९१३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये त्याने एक छोटंसं टिपण छापलं. त्यातली रचना π ऐवजी ३५५/११३ वापरते. किती अचूक? वर्तुळाचं क्षेत्रफळ १,४०,००० चौरस मैल असेल, तर चौरसाच्या बाजूत चूक येते सुमारे एक इंच. हे मोजमाप खुद्द त्यानेच दिलं आहे. या सोसायटीचं ग्रंथालय सुरुवातीच्या काळात पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होतं, हे जाता जाता.

उलट टोकाचा किस्सा अमेरिकेतला. १८९७ मध्ये इंडियाना राज्याच्या कनिष्ठ सभागृहाने वर्तुळ चौरसण्याच्या एका हौशी ‘शोधा’चं विधेयक ६७ विरुद्ध ० मतांनी मंजूर केलं. एक गणिताचे प्राध्यापक दुसऱ्याच कामासाठी तिथे आले होते, म्हणून वरच्या सभागृहात ते लटकलं.

आणि घन दुप्पट करण्याची ती देवळाची गोष्ट?

डेलॉस बेटावरच्या देववाणीने रोगराई हटवण्यासाठी घनाकार वेदी दुप्पट करायला सांगितली, अशी दंतकथा. बाजू दुप्पट केली तर घनफळ आठपट होतं. हवं असतं २ चं घनमूळ, आणि घनमुळाचं काय होतं ते वर आलंच आहे.

सतरा बाजूंचा बहुभुज एवढा प्रसिद्ध का?

कारण दोन हजार वर्षांत या यादीत कुणी नवी भर घातली नव्हती. युक्लिडकडे ३, ४, ५, १५ बाजूंचे नियमित बहुभुज होते, आणि कंस दुभागत गेलं की त्यांच्या दुपटी. सगळ्यांनी धरून चाललं होतं की यादी इथेच संपते.

३० मार्च १७९६ रोजी कार्ल फ्रीडरिश गाऊसने आपल्या टिपणवहीची पहिली नोंद केली: वर्तुळाचे सतरा समान भाग होतात. त्याला एकोणीस पूर्ण व्हायला महिना बाकी होता, आणि भाषा घ्याव्यात की गणित, हे ठरत नव्हतं. त्यानंतर ठरलं. किल्ली अशी की १७ − १ = १६, म्हणजे दोनाचाच घात; चार वेळा वर्गमूळ काढलं की काम होतं. ७ चं तसं नाही. ७ − १ = ६, त्यात तीन लपलाय, म्हणून नियमित सप्तकोन येत नाही. ज्यांच्याबाबत हे जमतं अशा मूळ संख्या आजवर पाचच माहीत आहेत: ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७.

शेवटच्या आकड्याचंही काम एकाने अंगावर घेतलं. योहान हेर्मेस नावाच्या जर्मन गृहस्थाने ६५,५३७ बाजूंच्या बहुभुजावर दहा वर्षं घालवली आणि १८९४ मध्ये आपलं हस्तलिखित पूर्ण केलं. ते ग्यॉटिंगेनला जपून ठेवलेलं आहे. असा बहुभुज कागदावर काढला तर तो आणि वर्तुळ यांत डोळ्याला फरक दिसणार नाही. गाऊसच्या जन्मगावी, ब्राउन्श्वाइगला, त्याच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावरही सतरा बाजू नाहीत, सतरा टोकांची चांदणी आहे.

हे सगळं बौधायनाला आधीच माहीत नव्हतं का?

बहुतेक शुल्बसूत्रं, बौधायनाचं धरून, युक्लिडच्या आधीची मानली जातात. पण बौधायन आणि युक्लिड एकाच परीक्षेला बसलेले नव्हते. शुल्ब म्हणजे दोरी. दोरी आणि खुंट्या घेऊन यज्ञाच्या वेदी आखायच्या, क्षेत्रफळ राखून आकार बदलायचे, हे त्यांचं काम. आयताचा चौरस करण्याची त्यांची रीत काटेकोर बरोबर आहे. कर्णाचा नियम तिथे स्पष्ट मांडलेला आहे आणि ३-४, ५-१२, ८-१५ या जोड्याही दिल्या आहेत. चौरसाचं वर्तुळ करण्याची रीत मात्र अंदाजी आहे: चौरसाच्या अर्ध्या कर्णातून अर्धी बाजू वजा करा, उरलेल्याचा तिसरा भाग अर्ध्या बाजूत मिळवा, ती त्रिज्या. २ बाजूच्या चौरसाला त्रिज्या येते १.१३८, आणि वर्तुळ सुमारे पावणेदोन टक्के मोठं होतं. वेदीला पुष्कळ झालं.

ही परंपरा बघायची असेल, तर पाया आखणाऱ्या गवंड्याकडे बघा. एका बाजूला तीन फूट, दुसरीला चार, तिरकं पाच आलं की कोपरा गुण्यात. त्याला युक्लिड लागत नाही.

युक्लिड संस्कृतात आला तो अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटांमुळे. त्यांनी नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून ‘रेखागणित’ रचलं. ग्रीकमधून अरबीत, अरबीतून संस्कृतात. त्यात पंधरा अध्याय आहेत, कारण युक्लिडच्या नावावर मागाहून जोडलेले दोन खंडही त्या वाटेने सोबत आले.

नुसता कंपास चालेल का? किंवा नुसती पट्टी?

नुसता कंपास चालतो. जे बिंदू दोघांनी मिळून सापडतात ते सगळे एकट्या कंपासने सापडतात. हे १६७२ मध्ये डेन्मार्कच्या गेओर्ग मोर याने आणि १७९७ मध्ये इटलीच्या मास्केरोनीने स्वतंत्रपणे दाखवलं. मोरचं पुस्तक १९२८ पर्यंत विस्मृतीत होतं. नुसती पट्टी पुरत नाही. पण कागदावर एकच वर्तुळ त्याच्या केंद्रासकट आधीपासून काढलेलं असेल, तर पुरते.

कागदाच्या घड्यांनी कोनाचे तीन भाग होतात, ते कसं?

घडीला मुभा जास्त आहे. दोन बिंदू एकाच घडीत दोन वेगवेगळ्या रेषांवर नेऊन बसवता येतात, आणि ही कृती तिसऱ्या कोटीचं समीकरण सोडवते. १९३६ मध्ये मार्गेरिता बेलोक या इटालियन गणितज्ञ बाईंनी ते दाखवलं. घड्यांच्या भूमितीवरचं पहिल्या काही पुस्तकांतलं एक मद्रासला १८९३ मध्ये छापलं गेलं होतं, टी. सुंदर राव यांचं. म्हणजे कोन बिचारा दोषी नाही. साधन बदललं की उत्तर बदलतं.

युक्लिडच्या मांडणीत काहीच चूक नाही?

आहे, आणि ती पहिल्याच विधानात. समभुज त्रिकोणासाठी दोन वर्तुळं काढली की ती एकमेकांना छेदतात, हे तो गृहीत धरतो. सिद्ध करत नाही, आणि त्याच्या गृहीतकांतून ते निघतही नाही. अशा फटी डेव्हिड हिल्बर्टने १८९९ मध्ये नीट बुजवल्या.

आता संगणकावर आकृत्या काढून देणारं जिओजेब्रा आहे. मग कंपास कशाला?

जिओजेब्रा जरूर वापरा. बिंदू ओढून आकृती हलवता येते, ते वहीत होत नाही. पण मुलांच्या हातात आधी कंपासच द्यावा असं माझं मत आहे. पडद्यावर ‘लंबदुभाजक’ हे एक बटण असतं. वहीत ते दोन सारखे कंस असतात, आणि ते सारखे का घ्यायचे हे कळल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

सुरुवात कुठून करू?

पंचकोनापासून. मळसूत्र घट्ट असलेला कंपास घ्या, पेन्सिल लहान आणि टोकदार. ओ केंद्राचं बऱ्यापैकी मोठं वर्तुळ काढा, त्यात एकमेकांना लंब दोन व्यास. आडव्या व्यासाचं उजवं टोक अ, उभ्याचं वरचं टोक ब. ओअ चा मध्य म काढा. म केंद्र, मब त्रिज्या घेऊन कंस मारा. तो आडव्या व्यासाला डावीकडे न मध्ये छेदेल. बन ही तुमच्या पंचकोनाची बाजू. ही रीत टॉलेमीच्या खगोलग्रंथातली आहे.

आता तेवढं अंतर धरून ब पासून वर्तुळावर पाच वेळा कंस मारत जा. पाचवा कंस ब वरच यायला हवा. पहिल्या खेपेला तो बहुतेक मिलिमीटरभर चुकेल. तेव्हा टॉलेमीला दोष देऊ नका, पेन्सिलीला टोक करा.